शेपटामागचा दिवा

१

आदल्या संध्याकाळी ताईनं आपल्या लाँड्रीत ते नारिंगी जाकीट दोनदा धुतलं आणि वर इस्त्रीही केली. आता मोटारसायकलवर घालायच्या जाकिटाला कोणी इस्त्री करतं का? पण ताईला सांगणार कोण! चमकत्या पट्ट्या वितळू नयेत म्हणून त्यांच्यावर ओला फडका टाकून, जीभ दातात धरून ती इस्त्री फिरवत होती. क्लबात इतकी वर्षं काढल्यावर शेपूट व्हायचा मान पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता.

हा मान काय असतो ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जायचं. क्लबाच्या गाड्या निघाल्या की सगळ्यांत पुढे काका. हे काका कोणाचेच काका नाहीत, बेकरी चालवतात, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात. रस्ता फक्त काकांना ठाऊक. वळण आलं की काकांच्या लगेच मागे जो असेल त्यानं तिथं थांबायचं आणि वळायच्या बाजूला हात धरून उभं राहायचं. त्याला म्हणायचं खांब. मागून येणाऱ्यांनी काही विचारायचं नाही, नकाशा काढायचा नाही. खांबाचा हात जिकडे, तिकडे गाडी वळवायची. आणि खांबानं हलायचं कधी, तर शेपूट आल्यावर. शेपूट म्हणजे सगळ्यांत शेवटची गाडी, नारिंगी जाकीटवाली. ते दिसलं की खांबानं शेपटाच्या पुढे घुसायचं आणि निघायचं. साधं, सोपं. आजवर क्लबातलं माणूस म्हणून कधी चुकलं नाही.

इतकी वर्षं शेपूट होते मास्तर. ड्रायव्हिंग शिकवून शिकवून त्यांचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि जाकीट ताईकडे आलं.

"खांब आधी पुढे घालायचा, मग आपण," मास्तर म्हणाले. "एवढं सांभाळलंस की झोपेत जमेल."

"आणि मागे?"

"मागे काय? शेपटाच्या मागे कोणी नसतं. म्हणून तर ते शेपूट!"

यात खरी गोम अशी की उद्या छोटी पहिल्यांदा क्लबाबरोबर येणार होती. छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. फुलांच्या दुकानात काम करते, लायसन्स अजून कोरं करकरीत, आणि बोलायला लागली की थांबत नाही. आईचा साफ नकार होता. ताईनं मध्ये पडून, "मी सगळ्यांच्या मागे असते, ती कायम माझ्या डोळ्यांसमोर असेल," असं सांगून कसाबसा होकार मिळवला होता.

"तुझ्या भरवशावर सोडतेय," आई म्हणाली होती. "तिला आणल्याशिवाय तूही येऊ नकोस."

२

सकाळी पेट्रोल पंपावर नुसता गोंधळ. उन्हाळा ऐन भरात, सुट्टीचा दिवस, आणि सगळ्यांच्या अंगात आल्यासारखं झालेलं. दाताचे डॉक्टर सगळ्यांच्या टायरवर लाथा मारून हवा तपासत होते. लायब्ररीवाली मावशी, जी लायब्ररीत कोणाला कुजबुजूसुद्धा देत नाही, ती इथं गाडीचा आवाज मोठा करून सगळ्यांचे कान किटवत होती.

"काका, मला खांब करा ना!" छोटी सकाळपासून त्यांच्या मागे लागली होती.

"करतो गं बाई, करतो! येताना शेवटचा खांब तुझा. पाण्याच्या टाकीपाशी. त्याच्यापुढे वळणच नाही, सरळ पंपापर्यंत रस्ता. तिथं तू चुकलीस तरी कोणी हरवायचं नाही."

सगळे हसले. छोटीनं काकांना सॅल्यूट ठोकला आणि हेल्मेट उलटं घालायला गेली. ताईनं ते सरळ करून दिलं, पट्टा ओढून पाहिला, परत ओढून पाहिला.

"ताई, गळा दाबतेस का?"

"बोलू शकतेस ना? मग नाही दाबला."

आणि निघाले! शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि ताईच्या पुढे गाड्यांची ती लांबलचक माळ लागली. वळणावर एकेक गाडी झुकायची, उठायची. इतक्या वर्षांत ताईनं आपला क्लब असा मागून, अख्खा, कधी पाहिलाच नव्हता. माळेच्या मध्यावर छोटीचं पिवळं हेल्मेट उडत चाललं होतं. ताई आपल्या हेल्मेटमध्ये मोठ्यानं ओरडली, नुसती आनंदानं.

पहिल्या वळणावर खांब नीट निघाला. दुसऱ्याला डॉक्टर उभे होते. नारिंगी जाकीट पाहून त्यांनी निघायला हवं होतं. पण डॉक्टरांनी ताईला हातानं पुढे जा, पुढे जा अशी खूण केली आणि मान तिरकी करून तिच्या मागे बघत राहिले.

ताईनं गाडी त्यांच्याशेजारी थांबवली. "डॉक्टर, मी शेपूट! निघा की."

"अगं हो, पण एक राहिलाय ना? तो येतोय बघ मागून."

ताई वळली. मागे रस्ता होता, सरळ, लांबच लांब. त्याच्यावर उन्हाची झळ थरथरत होती आणि दुसरं काही नव्हतं.

"कुठाय?"

डॉक्टरांनी डोळे बारीक केले, मग मिशीतल्या मिशीत हसले. "च्यायला! दिवा दिसला होता मला. ऊन लागलं वाटतं."

"टोपी घालत जा," ताई म्हणाली, आणि दोघं हसत निघाले. उन्हात डांबरावर पाणी दिसतं, तसा दिवाही दिसत असेल. त्यात काय एवढं.

३

तळ्यावर पोचल्यावर कोणाला धीर! बूट इकडे, हेल्मेट तिकडे, आणि कपड्यांसकट धडाधड पाण्यात. काका फळीसारखे पडले आणि निम्मं तळं काठावर आलं. मावशीनं डॉक्टरांना पाण्याखाली दाबून धरलं आणि "आता उघडा तोंड, आ करा!" म्हणून बदला घेतला. छोटी तर मासोळी झाली होती, बाहेर यायचं नावच घेईना.

मग पाव, उकडलेली अंडी आणि भलंमोठं कलिंगड. काकांनी बसल्या बसल्या माणसं मोजली. सगळी होती, एक कमी नाही, एक जास्त नाही. ताईनंही मोजली. तिला मोजायची गरज नव्हती, तरी मोजली.

जेवणं झाल्यावर सगळे झाडाखाली लवंडले. ताई टॉवेल आणायला गाड्यांकडे गेली. गाड्या एका रांगेत उभ्या होत्या, पहिली काकांची, शेवटची तिची. गाडी बंद केल्यावर इंजिन निवताना टिक टिक वाजतं, ते कोणाला माहीत नाही? पण हे सगळे येऊन बराच वेळ झाला होता. ताईनं आपल्या इंजिनावर हात ठेवला. गार पडलं होतं. शेजारचंही गार. आणि टिक टिक चालूच होती.

तिनं कान टवकारले. आवाज रांगेच्या टोकाकडून येत होता, तिच्या गाडीच्या पलीकडून. पलीकडे गाडीच नव्हती.

गवत मात्र दबलेलं होतं, दोन चाकांच्या अंतरावर, आणि मध्ये मऊ मातीत स्टँडचा खड्डा. कोणीतरी काल-परवा इथं गाडी लावली असणार. लोक येतातच की पोहायला. ती खात्री करायला तिथं जाऊन उभी राहिली, आणि तिच्या उघड्या पोटरीला चटका बसला, सायलेन्सरला पाय लागल्यावर बसतो तस्सा. ती एकदम मागे सरली.

"काय गं?" ओले केस पिळत छोटी मागे आली होती.

"काही नाही. इकडे येऊ नको."

ती ऐकते थोडीच! हात पुढे करून तिनं हवेत फिरवला. "अय्या, इथं किती गरम आहे! ताई, बघ ना, इथंच आहे फक्त." तिला केवढी मजा वाटली. हात आत घालायची, बाहेर काढायची, परत आत.

"छोटे, पुरे!"

ताईचा आवाज इतका चढला की झाडाखाली डॉक्टर उठून बसले. छोटी हिरमुसली. ताईला लगेच वाईट वाटलं. मोकळी जमीन उन्हात तापते, सावलीतून आल्यावर ती जास्तच गरम लागते, असं तिनं छोटीला समजावलं आणि स्वतःलाही. पोटरीवर लाल वण उठला होता. त्याच्यावर तिनं पँट ओढली.

४

उन्हं कलायला अजून अवकाश होता तेव्हा सगळे परत निघाले. काकांनी मुद्दाम घाटाचा रस्ता घेतला, आणि घाट म्हटल्यावर विचारायलाच नको. एकेक जण चेकाळला होता. ताईनंही हात सैल सोडला.

आरशात दिवा दिसला तो तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर. एकच दिवा, बऱ्यापैकी मागे.

आता खरं सांगायचं तर ताईला आधी भीती वाटलीच नाही. तिला मजा वाटली! कोणीतरी एकटाच निघालेला गडी असेल, पुढे एवढ्या गाड्या बघून त्याला स्फुरण चढलं असेल. होतं असं. तिनं वेग कमी केला, जा बाबा पुढे. दिव्यानंही वेग कमी केला. तिनं वाढवला, त्यानं वाढवला. अच्छा! असं आहे होय? ताईनं गाडी अशी काही पिळली की बस्स. वळणामागून वळण, गुडघा रस्त्याला टेकेल इतकी झुकत ती चालली होती आणि तो दिवा आरशात तेवढाच, तिथंच. एक इंच पुढे नाही, एक इंच मागे नाही. काय चालवत होता! तिचं काळीज धडधडत होतं आणि ती दात काढून हसत होती.

त्या भरात पुढचं वळण आलं. मावशी खांब होती. एक हात वळणाकडे, दुसऱ्या हातानं ताईला खूण, पुढे हो, पुढे हो. आणि ताई गेली की पुढे! मावशीला तिथंच सोडून सुसाट निघून गेली.

थोडं अंतर गेल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. खांबाला ओलांडून गेलो आपण. शेपूट झाल्यावर जे कधीच करायचं नाही, नेमकं तेच केलं. आरशात पाहिलं तर मावशी मागे उभीच होती, आणि येणाऱ्या दिव्याला अंगठा दाखवत होती. शेपटाला दाखवतात तसा. मग मावशी निघाली. आरशात दोन दिवे झाले.

ताईनं गाडी कडेला घेऊन हळू केली. मावशी भरधाव बरोबरीला आली. हेल्मेटची काच वर होती, डोळे नुसते चमकत होते.

"ताई, काय चालवतो गं तो! शेपूट असावं तर असं!"

"कोण तो? मावशी, शेपूट मी आहे! हे जाकीट बघ!"

मावशीनं जाकिटाकडे पाहिलं. गमतीनं हसली, लहान मूल काहीतरी बोललं की हसतो तशी. "त्याचंही आहे की," म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मागे एकच दिवा उरला.

यानंतर घाटात खांब लागेल असं एकही वळण नव्हतं. यानंतर थेट पाण्याची टाकी, आणि टाकीपाशी खांब होती छोटी.

५

छोटी उभी होती अगदी ऐटीत. एक पाय जमिनीवर, डावा हात लांब, पंजा ताठ. टाकीची सावली रस्त्यावर पडली होती आणि त्या सावलीत ते पिवळं हेल्मेट. ताईनं करकचून ब्रेक मारला.

"छोटे, निघ! माझ्या पुढे निघ, लगेच!"

"थांब ना, शेपूट येऊ दे."

"मी शेपूट आहे!"

"तू?" छोटीनं काच वर केली. तिचे गाल लाल झाले होते, जत्रेत पाळण्यात बसायच्या आधी असते तशी ती नुसती उतावीळ झाली होती. "तू शेवटची कुठे? तो काय, आलाच बघ. नियम म्हणजे नियम, ताई. तूच शिकवलास."

"किल्ली दे. माझ्या मागे बस."

"ए! माझा पहिला खांब आहे हा. अख्ख्या क्लबासमोर माझी फजिती करायची आहे का तुला?"

ताईनं तिचा दंड धरला आणि ओढलं. छोटीनं हँडल घट्ट धरून ठेवलं. ती रागावली नव्हती, ती ताईकडे बघतच नव्हती. तिच्या डोळ्यांत, एवढ्या लख्ख उन्हात, एक पांढरा ठिपका मोठा मोठा होत होता.

मागून इंजिनाचा आवाज आला. सावकाश. खाली गिअर टाकत, सभ्यपणे, चांगला चालवणारा माणूस थांबायला येतो तसा.

ओढून ही येणार नाही. ओरडून येणार नाही. ही पोरगी नियमानंच हलणार, मग नियमच वापरायचा. आपण शेवटचे नाही ना? मग होऊ शेवटचे. ताईनं गाडी कडेला दाबली, नजर पेट्रोलच्या टाकीवर खिळवली, मान वर करायची नाही अशी जिवाची शपथ घातली, आणि हात हलवून त्याला खूण केली. जा पुढे. जा बाबा, जा.

आवाज शेजारी आला. थांबला. ताईच्या उजव्या पायाला धग लागली, गुडघ्यापर्यंत चढली. ती नुसतं हात हलवत राहिली. किती वेळ ते देव जाणे. मग गिअर पडल्याचा खट्ट आवाज झाला, आणि धग निघून गेली.

"अगं हो, तूच की शेपूट!" छोटी खळखळून हसली. "मला काय झालं होतं कोण जाणे. चल, चल!" आणि ताईला अंगठा दाखवून ती शिस्तीत तिच्या पुढे घुसली.

६

जिवात जीव येणं म्हणजे काय ते ताईला त्या क्षणी कळलं. आरसा रिकामा होता. नुसता रस्ता, ऊन आणि मागे मागे जाणारी टाकी. पुढे पिवळं हेल्मेट, हाताच्या अंतरावर. जमलं! ताई हसली, रडली, दोन्ही एकदम झालं. आता वळण नाही, सरळ पंप, मग घर. पोरीला आईच्या पुढ्यात उभी करायची आणि वर्षभर गाडीला हात लावायचा नाही.

छोटीच्या बरंच पुढे एक लाल दिवा चालला होता. जाईना का. शहरात शिरल्यावर कुठेतरी वळून जाईल आपल्या घरी. जो पुढे गेला तो गेला.

तो लाल दिवा छोटीपासून आणखी लांब गेला. मग थांबला.

ताईला ते कळायला जरा वेळ लागला, कारण तिथं कोणी थांबायचं कारणच नव्हतं. या रस्त्यानं ती शेकडो वेळा गेली होती. इथं फाटा नाही, गल्ली नाही, शेतात जायची वाटसुद्धा नाही. तरी रस्त्याच्या कडेला गाडी लावून, नारिंगी जाकीट घालून, तो डावा हात लांब करून उभा होता. पंजा ताठ.

आणि हात जिकडे होता तिकडे रस्ता होता.

चांगला रस्ता. डांबरी, रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं. छोटीचा डावा इंडिकेटर लागला. टिक टिक, टिक टिक, ताईनं शिकवला तसा, वळणाच्या बराच आधी. ताईनं हॉर्नवर अंगठा दाबून धरला. छोटीनं मागे न बघता हात उंच करून हलवला. क्लबात हॉर्न मारतात तो शाबासकीचा. तिनं वेग कमी केला, गाडी छान झुकवली, आणि वळली.

समोर सरळ शहर दिसत होतं. पंपाचं उंच छतही दिसत होतं, तिथं सगळे जमले असतील, डॉक्टर कोणाची तरी टिंगल करत असतील. ताई वळणावर आली. तो खांब हलला नव्हता. अर्थातच हलला नव्हता, तो शेपटाची वाट बघत होता. तिनं थांबून खूण केली की तो तिच्या पुढे निघणार, तिच्या आणि छोटीच्या मध्ये.

ती जवळ गेली तेव्हा मान वर झालीच. जाकिटाला कडक घडी होती. हेल्मेटची काच खाली होती, आणि त्या रणरणत्या उन्हात तिला आतून वाफ धरत होती, विरत होती, धरत होती, भराभर, इथं तिथं, एका तोंडाची नव्हे तर आत दाटीवाटीनं बसलेल्या पुष्कळ तोंडांची. सगळी धापा टाकत होती. उत्साहानं.

ताई थांबली नाही. त्याला पुढे घ्यायचं नव्हतं. ती वळली, आणि आरशात एक दिवा लागला.

पुढे रस्ता झाडांखालून लांबवर जात होता. कडेला, थोड्या थोड्या अंतरावर, नारिंगी जाकिटं उभी होती, सगळ्यांचे हात एकाच दिशेला. छोटी प्रत्येकाला अंगठा दाखवत, हसत, पुढे चालली होती, आणि ती ज्याच्या पुढून जाई तो तिच्यामागे निघत होता. पिवळं हेल्मेट आणि ताई यांच्यामध्ये आता बऱ्याच गाड्या झाल्या होत्या. ताई तिला हाक मारत होती, आणि प्रत्येक हाकेला पुढच्या सगळ्या गाड्या आनंदानं हॉर्न वाजवत होत्या.